रिकामं सुसाट, डबे लावले की ठप्प: एका जुन्या इंजिनाच्या मोटरमधलं मॅग्नेट बदललं त्याची पूर्ण हकिकत

सोलापूरच्या रेल्वे लाइन भागात एक काका राहतात, रिटायर्ड गार्ड, सुरुवातीची काही वर्षं कर्जतला काढली आणि मग सोलापूर डिव्हिजनला बदली झाली ती शेवटपर्यंत. त्यांच्याकडे एक ब्रिटिश बनावटीचं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आहे, साठच्या दशकातलं, डबल ओ म्हणजे १:७६ मापाचं, १६.५ मिमी रुळावर चालणारं, १२ व्होल्ट डीसी. काकांनी माडीवर आठ बाय चार फुटी प्लायवर रूळ टाकलेत आणि त्यात मुद्दाम एक चढ केलाय, ३७ ला १ असा, कारण कर्जत ते लोणावळा भोर घाटाचा चढ तोच आहे, ३७ फूट पुढं गेलं की १ फूट वर. प्लायवर तो १४८ सेंमी लांब आणि ४ सेंमी उंच झालाय. काकांचं म्हणणं, घाट चढला नाही तर ते इंजिन कसलं.

तर दिवाळीच्या आधी महिनाभर त्यांचा फोन आला, "अरे, इंजिन रिकामं असलं की असं सुसाट सुटतंय की वळणावर उडतंय, आणि तीन डबे लावले की दम सोडतंय, घाटात तर जागेवर बसतंय, वास पण येतोय. नातू येणारे पुण्याहून, काहीतरी कर बघ." मी जाऊन घेऊन आलो. विचारताना एक गोष्ट कळली जी तेव्हा मी नीट कानावर घेतली नाही, की दोनेक वर्षांपूर्वी कुणीतरी ही मोटर पूर्ण खोलून, धुवून, तेल घालून परत जोडून दिली होती आणि त्यानंतरच हे सुरू झालं. त्याच्या आधी पाच डबे ओढायचं म्हणे.

आता मोटर कशी आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ही उघड्या फ्रेमची मोटर आहे, डबीत बंद नाही. एका टोकाला मॅग्नेटचा ठोकळा, त्याच्या दोन बाजूंना दोन लोखंडी पट्ट्या, आणि त्या पट्ट्या पुढं येऊन आर्मेचरला, म्हणजे तार गुंडाळलेल्या फिरत्या लोखंडी भागाला, दोन्हीकडून कवेत घेतात. म्हणजे चुंबकाचा जोर ठोकळ्यातून एका पट्टीत, तिथून हवेची बारीक फट ओलांडून आर्मेचरच्या लोखंडात, तिथून पुन्हा फट ओलांडून दुसऱ्या पट्टीत आणि परत ठोकळ्यात असा गोल फिरतो. आर्मेचर तीन पोलचं, कम्युटेटरला, म्हणजे शाफ्टवरच्या ज्या भागातून आर्मेचरला वीज मिळते त्याला, तीन पट्ट्या, त्यावर दोन कार्बन स्प्रिंगनं दाबलेले. ठोकळा अल्निकोचा. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड, या जातीची सुरुवात जपानमध्ये मिशिमा यांनी १९३१ मध्ये केली. (हे साल मी काकांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, आपल्या चार हुतात्म्यांना फाशी झाली ते साल, १२ जानेवारी १९३१. सोलापूरच्या माणसाला हे साल दुसरं काही सांगतच नाही.)

पहिले दोन दिवस मी सगळे करतात तेच केलं. चाकं पुसली, कम्युटेटर आयसोप्रोपिलनं साफ केला, पट्ट्यांमधल्या खाचा टूथपिकनं कोरून काढल्या, तिथं काळी तेलकट घाण होतीच, कार्बन नवे टाकले, वर्म (शाफ्टवरचा मळसूत्री दाता) आणि गिअर मोकळे फिरतात का बघितलं. फरक शून्य. उलट रिकामं अजूनच जोरात पळायला लागलं. आणि इथंच डोकं चुकीच्या वाटेला जातं बघा, कारण मोटर जोरात फिरतेय म्हटल्यावर मोटर चांगलीच असणार असं आपण धरून चालतो, आणि मग दोष रुळात शोध, कंट्रोलरमध्ये शोध, वायरीत शोध असं चालू राहतं.

वाइंडिंग, म्हणजे आर्मेचरवरची तार, तरी बघू म्हणून मोटर घेऊन पूर्वभागात अण्णांकडे गेलो. अण्णा पॉवरलूमच्या मोटरी भरतात, चाळीस वर्षं तेच काम, त्यांचे वडील जुन्या मिलमध्ये होते. एवढीशी मोटर त्यांनी हातात घेतली, चष्मा वर केला आणि मल्टिमीटर लावून कम्युटेटरच्या तिन्ही जोड्या मोजल्या, १०.१, १०.२, १०.१ ओहम. म्हणाले, "आर्मेचर ओके आहे ओ, तिन्ही सारखे आलेत, एक पण टर्न शॉर्ट नाही." मग मी तक्रार सांगितली, रिकामी पळते आणि लोडवर बसते. अण्णा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "फील्ड गेलंय मग. मिलमधल्या डीसी मोटरचं फील्ड तुटलं की ती थांबत नव्हती, पळून जायची, आवाज ऐकून लोक बाजूला व्हायचे. तुमच्यात फील्ड म्हणजे हे मॅग्नेट. ते मेलंय."

एवढ्या एका वाक्यात सगळं उलगडलं, आणि मला खरंच भरून आलं, कारण मोठ्या मोटरचं ज्ञान या अंगठ्याएवढ्या मोटरला जसंच्या तसं लागू पडत होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घरी येऊन करंट मोजला. माझ्याकडे त्याच जातीची एक चांगली मोटर आहे, ती १२ व्होल्टवर रिकामी ०.३ अँपिअर घेते. काकांची ०.६ घेत होती. आता हा हिशेब जरा सावकाश वाचा, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली यात आहे. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, आणि जेवढा मॅग्नेट तगडा तेवढा कमी वेगात तो तयार होतो. चांगल्या मोटरमध्ये ०.३ गुणिले १० ओहम म्हणजे ३ व्होल्ट तारेत गेले, उरलेले ९ व्होल्ट तिनं फिरून तयार केले. काकांच्या मोटरला तेवढीच घासाघीस ओढायला दुप्पट करंट लागतोय, म्हणजे मॅग्नेट साधारण अर्धा राहिलाय. तिच्यात ६ व्होल्ट तारेतच जळतात, उरले ६, पण मॅग्नेट अर्धा असल्यामुळं ते ६ व्होल्ट तयार करायला तिला १२ व्होल्टच्या हिशेबानं फिरावं लागतं. म्हणजे चांगली ९ नं फिरत असेल तर ही १२ नं, तिसरा हिस्सा जास्त वेग! आता घाट घ्या. तीन डबे घेऊन चढाला चांगली मोटर ०.६५ अँपिअर घेते. काकांच्या मोटरला तेवढ्याच जोरासाठी १.३ पाहिजे, आणि १० ओहमची मोटर १२ व्होल्टवर पूर्ण जाम झाली तरी १.२ च्या वर घेऊच शकत नाही. म्हणून घाटात ती थांबणारच होती, आणि थांबल्यावर सगळे १४ वॅट तारेत जळणार, वास येणारच होता.

मॅग्नेट मेला कशानं, याचं उत्तर काकांनी आधीच दिलं होतं. अल्निकोचा स्वभाव असा की तापमान तो भरपूर सोसतो, सोलापूरचा मे महिना त्याला काहीच नाही, पण चुंबकाचा रस्ता तुटला की तो स्वतःच स्वतःला खातो. आर्मेचर आत आहे तोवर रस्ता पूर्ण असतो. आर्मेचर बाहेर काढलं की मध्ये मोठी पोकळी आली, आणि त्या एका मिनिटात ठोकळ्याचा बराचसा जोर उतरतो, आर्मेचर परत घातलं तरी तो परत येत नाही. म्हणून काढण्याआधी दोन पट्ट्यांवर आडवा लोखंडाचा तुकडा ठेवायचा असतो, त्याला कीपर म्हणतात. धुताना तो ठेवला गेला नाही, बस, एवढंच झालं. कुणी मुद्दाम केलं नाही, माहीत नसतं लोकांना.

पहिला विचार जुनाच ठोकळा चार्ज करायचा. राजदूत आणि लुनाच्या जमान्यात गाडीच्या फ्लायव्हीलमधले मॅग्नेट चार्ज करून देणारी दुकानं गावोगाव होती, सोलापुरात अजून एक सापडलं. मी ठोकळा सुटा नेला, त्यांनी मशीनच्या दोन जबड्यांत धरून दोन झटके दिले, स्क्रूड्रायव्हर उचलून दाखवला, मी कागदात गुंडाळून घरी आणला, बसवला. ०.४५ अँपिअर. सुधारला, पण पूर्ण नाही. कारण तेच, चार्ज झाल्यावर जबड्यातून सुटा बाहेर काढला तिथंच तो थोडा उतरला. आणि आठवड्यानं बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्याला) तेल द्यायला मी आर्मेचर काढलं, कीपर लावला होता पण तो घसरून पडला, तर परत ०.५५. अल्निको चार्ज करायचा असेल तर मोटर पूर्ण जोडून, आर्मेचर आत ठेवूनच करायला पाहिजे, आणि या दुकानातल्या मशीनचे जबडे फ्लायव्हीलच्या मापाचे, ते या पट्ट्यांवर बसेनात. हा रस्ता बंद.

मग निओडायमियम. १९८० च्या दशकात जपानमध्ये सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सनं स्वतंत्रपणे काढलेला हा मॅग्नेट. याचा गुण अल्निकोच्या नेमका उलटा, रस्ता तुटला तरी तो उतरत नाही, आर्मेचर शंभरदा काढा, पण साधा ग्रेड ८० डिग्रीच्या वर तापवला तर कायमचा उतरतो. म्हणून त्याच्या जवळ सोल्डरिंग करायचं नाही, सगळं डाग द्यायचं काम आधी उरकायचं.

१० मिमी व्यासाच्या, ३ मिमी जाडीच्या चकत्या मागवल्या. पट्ट्यांमधलं अंतर १३ मिमी. चार चकत्या एकावर एक म्हणजे १२, वर १ मिमीचा पत्रा, झालं माप, असा मी विचार केला आणि ठासून बसवलं. शाफ्ट बोटांनी फिरवला तर असे कट-कट सहा खटके एका फेरीत, तीन पोलचं आर्मेचर आणि दोन बाजू म्हणजे सहाच येणार. ६ व्होल्टपर्यंत इंजिन हलेचना, आणि सुटलं की एकदम उडी. हळू चालणं संपलंच. शिवाय एवढ्या ओढीनं पट्ट्या आत वाकल्या आणि आर्मेचर एका बाजूला घासायला लागलं, काढून बघितलं तर एका पोलवर चकचकीत ओरखडा. आणि रुळाच्या बारीक खिळ्या इंजिनाच्या पोटाला येऊन चिकटल्या, म्हणजे जोर आर्मेचरमधून जायच्या ऐवजी बाहेर सांडत होता. मॅग्नेट जेवढा तगडा तेवढं चांगलं, हे इथं लागू नाही. जुन्या ठोकळ्याला जो जोर नवीन असताना होता तेवढाच, फार तर थोडा वर पाहिजे, कारण पट्ट्या आणि आर्मेचर त्याच हिशेबानं केलेत.

म्हणून एकच चकती ठेवली, मधोमध, आणि दोन्ही बाजूंना ५-५ मिमीचे लोखंडी गुटके. हे गुटके एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून १० मिमीच्या प्लेन एमएस (माइल्ड स्टील) बारमधून कापून, दोन्ही तोंडं फेसिंग करून घेतले. तोंड सपाट असणं फार महत्त्वाचं, कारण तिथं राहिलेली फट म्हणजे पण हवेची फटच, तेवढा जोर कमी. गुटके पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चालत नाहीत, त्यातून चुंबकाला रस्ता मिळत नाही. आणि पट्ट्या आवळणारे आरपार स्क्रू मात्र बरोबर उलटे, ते पितळीच पाहिजेत. लोखंडी स्क्रू एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेला की चुंबकाला जवळची वाट मिळाली, आर्मेचरपर्यंत जायची गरजच उरत नाही.

आता सगळ्यात नाजूक काम, आर्मेचर बरोबर मध्ये आणायचं. पट्ट्या ढिल्या असताना मॅग्नेट त्यांना ओढतो, आणि जी बाजू आधी जवळ जाईल ती चिकटूनच बसते, हातानं मध्ये धरून स्क्रू आवळायचा प्रयत्न केला तर दरवेळी एक बाजू मारते. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, कुठून घालणार एवढ्याशा गोलाईत. मग झेरॉक्सचा कागद घेतला. साधा ७५ जीएसएमचा कागद एक दशांश मिमीच्या आसपास असतो. आर्मेचरच्या लांबीएवढी रुंद पट्टी कापली, आर्मेचरभोवती घट्ट तीन वेढे दिले, एक टोक शेपटीसारखं बाहेर ठेवलं आणि तसंच पट्ट्यांमध्ये सरकवलं. मॅग्नेटनं दोन्ही पट्ट्या कागदावर आवळून धरल्या, म्हणजे जी ओढ इतका वेळ त्रास देत होती तिनंच दोन्ही बाजूंची फट सारखी करून दिली. मग दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, एकाला पाव फेरी, दुसऱ्याला पाव फेरी, असं करत आवळले. आणि मग ती शेपूट धरून, शाफ्ट हळूहळू फिरवत कागद ओढला. तो सरकन निघाला, मध्ये कुठं अडकला नाही, तेव्हा पोटात जे झालं ते सांगता येत नाही. मागून मोबाइलची टॉर्च लावून बघितलं, दोन्हीकडं सारखी उजेडाची बारीक रेघ. बोटानं फिरवला तर खटके आहेत पण हलके, जुन्या चांगल्या मोटरसारखे. शाफ्ट पुढं-मागं जास्त सरकत होता तिथं एक पातळ वॉशर टाकला.

एक राहिलं, लोखंडाचा कीस. गुटके घासले की बारीक कीस उडतो आणि निओडायमियम तो लगेच पकडतो, पुसून जात नाही, नुसता इकडून तिकडं पळतो. हा कीस फटीत गेला की सगळं केलेलं वाया. चिकटपट्टी कोपऱ्यात पोचत नाही. मुलाच्या खेळण्यातला क्ले घेतला, बारीक टोक करून दाबून दाबून उचलला, क्लेचा गोळा पार करडा झाला. घासाघाशी दुसऱ्या खोलीत करायची आणि हात धुऊनच मॅग्नेटला शिवायचं, हे मी आता कायमचं ठरवलंय.

बसवलं, रुळावर ठेवलं, कंट्रोलर पुढं केला तर इंजिन मागं गेलं! मी जुन्या ठोकळ्याची दिशा होकायंत्रानं बघून मार्करनं ठिपका केला होता आणि चकती त्याच दिशेनं ठेवली होती. मग चुकलं कुठं? थोड्या वेळानं लक्षात आलं की ठिपका मी चार्जिंगच्या नंतर केला होता, आणि चार्जिंगच्या मशीनमध्ये ठोकळा उलटा धरला गेला असेल तर त्याची दिशाच बदलून आलेली असणार. मधल्या काळात इंजिन मी रुळावर चालवलंच नव्हतं, मोटर टेबलावर तपासत होतो. म्हणून दिशा जुन्या ठोकळ्यावरून घ्यायची नाही, रुळावरून घ्यायची. नियम ठरलेला आहे, इंजिनाच्या तोंडाच्या दिशेनं बघितलं तर उजव्या रुळाला प्लस दिला की इंजिन पुढं गेलं पाहिजे. परत खोललं, चकती उलटी केली, परत कागदाचे तीन वेढे. दुसऱ्यांदा वीस मिनिटांत झालं.

१२ व्होल्ट, रिकामं, ०.२८ अँपिअर. साधारण ३ व्होल्टला सुटलं, उडी नाही. अर्धा तास चालवून हात लावला तर कोमट.

काकांकडे नेलं तेव्हा नातू आलेलाच होता. काकांनी स्वतः तीन डबे जोडले, मीटर मी मध्ये लावला होता. घाटाच्या पायथ्याला काका थोडे वाकले, हात पाठीमागं बांधून, जसे फलाटावर उभे राहत असतील तसे. चढाला काटा ०.६ वर गेला, वेग थोडा पडला आणि इंजिन तसंच वर निघून गेलं. "बँकर न लावता चढलं रे," काका म्हणाले. कर्जतला मागून जोडायचं इंजिन, त्याला बँकर म्हणतात, ते नातवाला समजावून सांगण्यात पुढची दहा मिनिटं गेली. मग चार डबे, मग पाच. सहाव्याला चाकं जागेवर फिरायला लागली, पण मोटर थांबली नाही, म्हणजे आता कमी पडतंय ते वजन, मॅग्नेट नाही.

उरलेल्या चकत्या मी पत्र्याच्या डबीत घालून काकूंकडे वरच्या फळीवर ठेवायला दिल्या आणि घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं, कारण लहान मुलानं अशा दोन चकत्या गिळल्या तर त्या आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकींना चिकटतात आणि आतडं मध्ये चिमटतं, जिवावर बेततं. नातू पाच वर्षांचा आहे, त्याला मोटर उघडून दाखवायची होती, ती मी दाखवली पण चकती हातात दिली नाही.

जुना अल्निकोचा ठोकळा लोखंडी कीपर लावून इंजिनाच्या मूळ खोक्यातच ठेवलाय. खोक्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली: एक चकती १० बाय ३, दोन गुटके ५ मिमी, स्क्रू पितळी, फट तीन वेढे कागद, उजवा रूळ प्लस. काकांनी त्याखाली रेघा मारून एक तक्ता केलाय, गार्ड असताना गाडीची नोंद ठेवायचे तसा, तारीख, व्होल्ट, अँपिअर, शेरा. अँपिअरच्या रकान्यात दिवाळीला ०.२८, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेहून आल्यावर ०.२८, होळीला ०.२९, आणि होळीच्या शेऱ्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, "बुशला तेल दिले."